विहिरीचं पाणी गार, नितळ… म्हणून शुद्ध?

'आमच्या आजोबांनी जन्मभर हेच पाणी प्यायलं, त्यांना काय झालं?' कोकणात घरच्या विहिरीचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. आजोबांच्या काळी विहिरीपासून दहा पावलांवर शौचालयाचा शोषखड्डा नव्हता, हे मात्र कुणी बोलत नाही.

माती पाणी गाळते, हे खरं. पण जांभा दगड भेगा-पोकळ्यांनी भरलेला. पहिल्या पावसाचं पाणी त्यातून झरझर खाली उतरतं. गाळलं जायला त्याला वेळच मिळत नाही. सोबत शौचालयाची, गोठ्याची घाण जाते. गॅस्ट्रो, कावीळ, टायफॉइड पसरवणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, चवीला कळत नाहीत. म्हणूनच भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू एकही चालत नाही.

तुरटीने गढूळपणा बसतो, पण सगळे जंतू मरत नाहीत. पाणी खळखळून उकळा, किंवा योग्य मात्रेत ब्लीचिंग पावडर टाकून किमान अर्धा तास थांबा. खडकातून पाण्यात उतरणारा फ्लोराइड हा क्षार मात्र उकळून जात नाही, उलट वाफेमुळे त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून फ्लोराइडचा त्रास असलेल्या यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरवेलवाल्यांनी प्रयोगशाळेतून तपासणीच करून घ्यावी.