ओटीपीच्या आधी आणि ओटीपीच्या पुढे : लॉगिन सुरक्षेची पार्श्वभूमी

रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ रोजी डिजिटल व्यवहारांतल्या पडताळणीबाबत नवे निर्देश काढले आणि ते लागू करायला १ एप्रिल २०२६ ही तारीख दिली. एसएमएसवरच्या ओटीपीवर त्यांत बंदी नाही. पण सगळा भार त्या एकाच गोष्टीवर टाकण्याचे दिवस संपले, असा त्यांचा रोख आहे. पडताळणीचे किमान दोन घटक हवेत. कार्ड प्रत्यक्ष समोर नसेल तर त्यांतला एक त्या व्यवहारापुरताच तयार झालेला हवा. आणि एक घटक चोराच्या हाती लागला, तरी दुसरा शाबूत राहायला हवा. ही तिसरी अट वाचायला साधी वाटते, पण आपल्याकडच्या लॉगिनचा कच्चा दुवा नेमका तिथेच आहे. माणसाची ओळख आपण त्याच्या मोबाईल नंबरावर टाकली, आणि समोरची साइट खरी आहे का, हे तपासायचे काम त्याच्या एकट्याच्या नजरेवर सोडले.

हे असे का झाले, ते कळायला थोडे मागे जावे लागते. संगणकावरचा पासवर्ड १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने एकच यंत्र अनेकांना वापरता यावे म्हणून सीटीएसएस ही प्रणाली उभी केली, आणि प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात यासाठी पासवर्ड आला. पासवर्डची यादी यंत्रात जशीच्या तशी लिहिलेली असे. १९६६ मध्ये दोन तात्पुरत्या फाइलींची नावे एकच झाली, आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. पुढे युनिक्स ही संगणकप्रणाली घडवणाऱ्यांनी मूळ पासवर्ड साठवणेच बंद केले. त्याचा हॅश ठेवायचा, म्हणजे ज्यावरून मूळ शब्द परत काढता येत नाही असा ठसा. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ च्या निबंधात त्याला सॉल्टची, म्हणजे हॅश करण्याआधी पासवर्डात मिसळायच्या १२ बिटांच्या वाटेल त्या आकड्याची, जोड सांगितली. त्यामुळे एकाच पासवर्डचे ४,०९६ वेगवेगळे ठसे होऊ शकतात आणि आधीच तयार करून ठेवलेली यादी चोराच्या फारशी कामाची राहत नाही. त्याच निबंधात त्यांनी ३,२८९ खरे पासवर्ड तपासले होते. त्यांतले ८६ टक्के फार लहान, शब्दकोशातले किंवा सहज हुडकता येणारे निघाले. माणसांच्या या सवयीत तेव्हापासून मोठा फरक पडलेला नाही.

इतके सगळे माहीत असूनही २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड उघड्या मजकुरात फुटले, आणि २०१२ मध्ये लिंक्डइनचे सॉल्ट नसलेले हॅश बाहेर आले. अशा यादीतला ईमेल आणि पासवर्ड उचलून शंभर दुसऱ्या साइटवर चालवून बघायचा, हा चोरांचा सर्वांत स्वस्त धंदा झाला. एकच पासवर्ड सगळीकडे वापरणाऱ्याचे नुकसान मूळ साइटवर होतच नाही, ते भलत्याच ठिकाणी होते.

मुंबईत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. त्या काळी टेलनेट किंवा पॉप या तेव्हाच्या पद्धतींनी ईमेल उघडताना पासवर्ड तारेवरून उघडाच जात असे. फार कोणाचे बिघडले नाही, कारण त्या खात्यांत पैसे नव्हते. बँका नेटवर आल्यावर चित्र पालटले. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे, एवढ्यावर खरेदी होत असे. या तिन्ही गोष्टी कार्डावरच छापलेल्या, म्हणजे हॉटेलात बिल द्यायला कार्ड नेणारा वेटरही त्या टिपून घेऊ शकत होता. म्हणून रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २००९ ला परिपत्रक काढले: १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला अशी जादा पडताळणी हवी, जी कार्डावर दिसणाऱ्या माहितीवर आधारलेली नसेल. फोनवरून होणारे आयव्हीआर व्यवहार २०११ मध्ये या नियमाखाली आले.

त्या परिपत्रकाने ओटीपीची सक्ती केलेली नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवे. सुरुवातीला बँकांनी कार्डासाठी एक वेगळा कायमचा पासवर्ड दिला. लोक तो विसरत, व्यवहार अर्धवट राहत, तक्रारी वाढत. मोबाईल मात्र प्रत्येकाच्या खिशात होता. मग बँकांनी एसएमएसवर सहा आकडे पाठवायला सुरुवात केली आणि बघता बघता तीच देशाची सवय झाली. त्या वेळचा तो निर्णय योग्यच होता, असे आमचे ठाम मत आहे. कार्डाची नुसती माहिती चोरून खरेदी करणे त्याने एका झटक्यात अवघड केले, तेही महागडे यंत्र न देता. चूक झाली ती पुढे. कार्डासाठी आणलेला उपाय बँकेच्या लॉगिनला, आधारला, डिमॅटला, ईमेलला, सगळीकडे लागला. एका सिमवर माणसाचा सगळा कारभार उभा राहिला.

मग चोरांनी सिमकडेच मोर्चा वळवला. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस माहीमच्या एका व्यावसायिकाला मध्यरात्री सहा मिस्ड कॉल आले, सिम बंद पडले आणि खात्यातून सुमारे १ कोटी ८६ लाख रुपये गेले. पद्धत ठरलेली असते. आधी खोट्या साइटवरून लॉगिनचा पासवर्ड मिळवायचा. मग खोटी कागदपत्रे दाखवून, किंवा सिमवरचा वीस आकडी क्रमांक मालकाकडूनच एसएमएसने पाठवून घेऊन, डुप्लिकेट सिम चालू करायचे. जुन्या सिमचे नेटवर्क जाते आणि पुढचे सगळे ओटीपी नव्या सिमवर येतात. वेळ रात्रीची किंवा सुट्टीची निवडतात, म्हणजे नेटवर्क गेल्याचे उशिरा कळते. यावर दूरसंचार विभागाने नवे सिम चालू झाल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवायला सांगितले. दूरसंचार नियामक ट्रायने १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेण्यास मनाई केली. दोन्ही उपाय उपयोगाचे आहेत, पण ते गळती बुजवणारे आहेत.

एसएमएसचा मार्गही तितका भरवशाचा नाही. ८ मार्च २०२१ ला व्यावसायिक एसएमएसची नवी छाननी सुरू झाली. पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवलेला हवा, नाहीतर एसएमएस वाटेतच अडवला जाई. अनेक संस्थांचे साचे नोंदवलेले नव्हते किंवा पाठवलेल्या मजकुराशी जुळत नव्हते. देशभर ओटीपी अडकले आणि ट्रायला छाननी सात दिवस थांबवावी लागली.

सिमला हात न लावता होणारी चोरी याहून जास्त चालते. 'आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल' असा मेसेज येतो, खाली एक नंबर किंवा लिंक. लिंक उघडली की हुबेहूब बँकेसारखे पान दिसते. माणूस तिथे युजर आयडी आणि पासवर्ड टाकतो. मागे बसलेले यंत्र तोच आयडी, तोच पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या बँकेच्या साइटवर भरते. खरी बँक खरा ओटीपी खऱ्या मालकाच्या फोनवर पाठवते, मालक तो खोट्या पानावर टाकतो आणि यंत्र तो पुढे सरकवते. सगळा खेळ दोन-तीन मिनिटांत, म्हणजे ओटीपीच्या मुदतीत, आटोपतो. बँकेच्या बाजूने पाहिले तर दोन्ही घटक बरोबर आहेत, कुठेही नियम मोडलेला नाही. ओटीपी कोणालाही सांगू नका, हा इशारा इथे अपुरा पडतो, कारण त्या माणसाच्या समजुतीप्रमाणे त्याने तो बँकेलाच दिलेला असतो. लग्नपत्रिका किंवा चलन म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये परस्पर ॲप बसवणारी फाइल, तर एसएमएस वाचायची परवानगी घेऊन ओटीपी परस्पर पळवते.

दर तीस सेकंदांनी बदलणारे आकडे दाखवणारे ऑथेंटिकेटर ॲप सिमच्या चोरीवर चांगला उतारा आहे. त्याची रीत २०११ च्या आरएफसी ६२३८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ठरली. नोंदणीच्या वेळी क्यूआरमधून एक गुप्त किल्ली फोनमध्ये येते. १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांना ३० ने भागून जो पूर्णांक येतो तो आणि ती किल्ली यांतून सहा आकडे निघतात. नेटवर्क लागत नाही. फोनचे घड्याळ एखाद-दोन मिनिटे चुकले की कोड नाकारला जातो, म्हणून तारीख-वेळ आपोआप घेण्याची सेटिंग चालू असावी. किल्लीचा बॅकअप न घेता फोन बदलला तर खातेच हातचे जाते. पण वर सांगितलेल्या खोट्या पानापुढे हाही कोड तितकाच हतबल आहे.

यूपीआयने मात्र एक दिशा बदलली. ११ एप्रिल २०१६ ला मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते त्याची सुरुवात झाली. नोंदणीच्या वेळी ॲप फोनमधल्या सिमवरून स्वतःच एक कूट एसएमएस बाहेर पाठवते. तो कोणत्या नंबरावरून आला हे सर्व्हर पाहतो आणि नंबर व फोन यांची गाठ बांधतो. वाचून कोणाला सांगता येईल असे काही इथे मालकाकडे येतच नाही. मग डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी देऊन चार किंवा सहा आकडी पिन ठरतो. दोन सिमच्या फोनमध्ये चुकीचे सिम निवडले किंवा प्रीपेडवर एसएमएसचा पॅक नसला, तर नोंदणी इथेच अडते. आणि पैसे मिळवण्यासाठी पिन लागत नाही, हे ठाऊक नसलेल्यांना 'कलेक्ट' विनंतीने, म्हणजे समोरच्याकडून पैसे मागणाऱ्या विनंतीने, इतके लुबाडले, की व्यक्तीकडून व्यक्तीला जाणारी ती विनंती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करावी लागली.

शेअर दलालांच्या लॉगिनला दुहेरी पडताळणीची मुदत ३० सप्टेंबर २०२२ होती. तोवर पासवर्ड आणि जन्मतारखेसारखी कायमची माहिती यांवरही काम भागत असे. दोन्ही गोष्टी माहितीच्याच, म्हणजे नावाला दोन आणि खरी एकच.

साइट ओळखण्याचे काम माणसाच्या डोळ्यांवरून काढून घेणारे पहिले सर्वमान्य मानक म्हणजे वेबऑथन. ४ मार्च २०१९ ला ते पक्के झाले, आणि २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी त्यावर पासकी, म्हणजे पासवर्डाऐवजी फोनमधल्या किल्लीने लॉगिन करायची सोय, उभी केली. नोंदणी करताना फोन किल्ल्यांची जोडी बनवतो. खाजगी किल्ली मालकाकडेच राहते, सर्व्हरला फक्त सार्वजनिक किल्ली मिळते. लॉगिनच्या वेळी सर्व्हर एक नवा आकडा पाठवतो, बोट किंवा चेहरा दाखवल्यावर फोन त्यावर सही करतो. साइटचा पत्ता ब्राउझर स्वतः तपासतो. एका अक्षराने वेगळ्या असलेल्या खोट्या साइटवर ती किल्ली पुढेच येत नाही. सर्व्हर फुटला तरी चोराला सार्वजनिक किल्ल्याच मिळतात.

दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत. पासकी साइटच्या पत्त्याला बांधलेली असते, आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर जायला सांगितले होते. जुन्या पत्त्यावर नोंदवलेली पासकी नव्या पत्त्यावर आपोआप चालत नाही. म्हणून पत्त्याचे स्थलांतर आधी आणि पासकी नंतर, हाच क्रम बरा. दुसरी अडचण फोन हरवल्यावरची. 'पासकी नाही? ओटीपी मागवा' असे बटण लॉगिनखाली ठेवले, की चोर थेट तिथूनच आत शिरतो. नोंदणीच्या वेळीच दुसरे उपकरण जोडून घ्यावे, आणि तेही नसेल तर ग्राहकाला शाखेत ओळख पटवून द्यायला लावावे. त्रास होतो, पण तो त्रास घ्यायलाच हवा.

भुर्दंड कोणी सोसायचा, हा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार त्रयस्थामुळे झालेला गैरव्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. पण ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. नव्या निर्देशांप्रमाणे, नियम न पाळता झालेल्या व्यवहाराची पूर्ण भरपाई कार्ड किंवा खाते देणाऱ्या संस्थेने कुरकुर न करता द्यायची आहे. खोट्या पानावर स्वतःच्या हाताने ओटीपी टाकणारा ग्राहक या कलमात बसतोच असे नाही. असा प्रकार लक्षात येताच आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, मग बँकेला लेखी कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. तीन दिवसांची मुदत पाळल्याचा पुरावा तोच असतो.