सिलिंडरचा भाव सौदीत, शेण आपल्या गोठ्यात

घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरने मार्च २०२३ मध्ये मुंबईत अकराशे रुपयांचा आकडा ओलांडला. ऑगस्टमध्ये दर दोनशे रुपयांनी उतरला, मार्च २०२४ मध्ये आणखी शंभरांनी उतरला आणि एप्रिल २०२५ मध्ये पन्नासांनी पुन्हा चढला. या चढउतारात कणकवलीच्या किंवा अकोल्याच्या स्वयंपाकघराचा काहीच हात नसतो. देशात जळणाऱ्या एलपीजीपैकी जवळपास ६० टक्के बाहेरून येतो. त्यातला मोठा भाग आखाती देशांतून होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो आणि त्याच्या किमतीचा पाया म्हणजे सौदी अराम्को दर महिन्याला जाहीर करते तो करारभाव. त्यावर जहाजाचे भाडे आणि डॉलरचा दर चढतो. सरकारने दर रोखून धरला तरी फरक नाहीसा होत नाही. तो तेल कंपन्यांच्या तोट्यात साठतो आणि शेवटी करांच्या पैशांतून भरला जातो. अशा भरपाईसाठी केंद्राने २०२२ मध्ये २२,००० कोटी आणि २०२५ मध्ये ३०,००० कोटी रुपये मंजूर केले.

ज्या घरात चार-पाच जनावरे दावणीला आहेत, त्या घराचे महिन्याचे इंधन मात्र रोज सकाळी उकिरड्यावर टाकले जाते. तेच शेण पाण्यात कालवून बंद टाकीत कुजवले की सूक्ष्मजीव त्यातून जळणारा गॅस करतात. यावर लगेच उत्तर येते: गोबरगॅस करून झाला, चालला नाही. गावोगावी अशा टाक्यांचे बंद पडलेले घुमट दिसतात, त्यामुळे हे खरेही वाटते. पण ते घुमट सूक्ष्मजीवांमुळे बंद पडलेले नाहीत. शेणाचा हिशेब चुकला, गवंडीकाम कच्चे राहिले आणि बांधून झाल्यावर विचारपूस करायला कोणी आले नाही, म्हणून ते बंद पडले.

हे तंत्र आपल्याकडे नवे नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ मध्येच मैल्यापासून निघालेल्या वायूवर दिवे लावले जात होते. जशभाई पटेल यांनी १९५०च्या दशकात लोखंडी तरंगत्या टाकीचे संयंत्र घडवले आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते देशभर नेले. टाकी गंजायची आणि महाग पडायची. म्हणून १९८४ मध्ये ‘अफप्रो’ या संस्थेने विटांच्या घुमटाचे ‘दीनबंधू’ संयंत्र आणले. आज खेड्यात नवे बांधायचे झाले तर बहुतेक वेळा तेच बांधले जाते.

आधी शेण मोजा

एक किलो ताज्या शेणातून साधारण ४० लिटर गॅस निघतो. म्हणजे दिवसाला दोन घनमीटर गॅस हवा असेल तर रोज ५० किलो शेण लागते. गोठ्यातच बांधलेली गाय दिवसाला सुमारे १० किलो शेण टाकते, म्हैस १५ किलोपर्यंत. जनावरे दिवसभर रानात चरायला जात असतील तर निम्मे शेण रानातच राहते, आणि नेमकी हीच गोष्ट अर्ज भरताना विसरली जाते. म्हणून आठवडाभर रोज सकाळी शेण पाटीत भरून वजन करावे. तेवढ्याच आकड्यावर संयंत्राचा आकार ठरवावा. घरात माणसे किती किंवा अनुदान कोणत्या आकाराला जास्त, यावर ठरवू नये.

स्वयंपाकाला माणशी दिवसाला सुमारे पाव ते एक तृतीयांश घनमीटर गॅस पुरतो. सहा माणसांच्या घराला दोन घनमीटर ठीक. या गॅसमध्ये ५५ ते ६० टक्के मिथेन असतो, बाकीचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड. त्यामुळे एका घनमीटरमध्ये साधारण २१ मेगाज्यूल उष्णता मिळते. एलपीजीच्या एका किलोत ४६ मेगाज्यूल असतात, म्हणजे एका सिलिंडरमध्ये ६५० च्या आसपास. रोज दोन घनमीटर म्हणजे महिन्याला साठ, आणि साठ घनमीटरांचे १,२६० मेगाज्यूल. कागदावर हे जवळजवळ दोन सिलिंडर झाले. थंडीतली घट, सणावाराचा खंड आणि न वापरता निसटलेला गॅस वजा करता महिन्याला एक ते दीड सिलिंडर धरावा. एवढेही पुष्कळ आहे.

गरजेपेक्षा मोठे संयंत्र हा सर्वांत घातक दोष. चार घनमीटरच्या टाकीत रोज वीस किलोच शेण पडले तर गॅस एक घनमीटरही होत नाही. स्थिर घुमटात दाब तयार होतो तो गॅसने शेण-पाण्याचा काला बाहेर पडण्याच्या कुंडीकडे ढकलल्यामुळे. दोन पातळ्यांतला फरक हाच दाब. मोठ्या घुमटाखाली थोडासा गॅस पसरला की पातळी जेमतेम हलते आणि शेगडीपर्यंत जोरच पोचत नाही.

बांधकाम आणि पहिली भरणी

दोन घनमीटरच्या दीनबंधूला सुमारे १,००० विटा आणि १४ पोती सिमेंट लागते. विटा चांगल्या भाजलेल्या हव्यात. जागा उन्हाची, स्वयंपाकघरापासून दहा-पंधरा मीटरच्या आत आणि विहिरीपासून निदान तेवढीच लांब असावी. जवळ मोठे झाड नको, कारण मुळे घुमटाला तडा देतात. सगळा जीव घुमटाच्या आतल्या गिलाव्यात आहे. तो थरावर थर देऊन, प्रत्येक थर ओला राखून करावा लागतो. केसाएवढी चीर पाण्याला अडवते, गॅसला नाही. बाहेरून माती भरताना ती थरांनी धुमसून भरावी. सैल माती पहिल्या पावसात खचते आणि घुमटावर एका बाजूने भार येतो.

पहिल्या भरणीला चाळीस दिवसांचे शेण एकदम लागते. दोन घनमीटरसाठी ते दोन टन होते, म्हणून बांधकाम चालू असतानाच ते जमवायला सुरुवात करावी आणि वाळू देऊ नये. शेण आणि पाणी समान मापाने कालवून, गवत, दगड, वाळू काढून ओतावे. शेजारच्या चालू संयंत्रातला दहावा हिस्सा काला मिसळला तर विरजण लागल्यासारखे काम लवकर सुरू होते. ऋतूनुसार दोन ते चार आठवड्यांत गॅस येतो. पहिल्या गॅसमध्ये हवा आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो पेटत तर नाहीच, पण पाच ते पंधरा टक्के मिथेन हवेत मिसळला तर स्फोट होऊ शकतो. म्हणून पहिला गॅस मोकळ्या हवेत सोडून द्यावा. नळीचे सांधे तपासायचे ते साबणाच्या फेसाने, काडी पेटवून कधीही नाही. आणि टाकी रिकामी दिसली तरी आत उतरू नये. मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड यांनी भरलेल्या खड्ड्यात माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो.

आत काय चालते

टाकीत दोन टोळ्या एकामागून एक काम करतात. पहिली शेणातल्या गुंतागुंतीच्या पदार्थांची आम्ले करते. दुसरी, म्हणजे आर्किया गटातले सूक्ष्मजीव, त्या आम्लांपासून मिथेन बनवते. पहिली टोळी झपाट्याने वाढते, दुसरी सावकाश. रोजच्या शेणात दोघींचा मेळ बसतो. पण लग्नकार्यानंतर उरलेला भात, जिलेबी, मठ्ठा एकदम टाकीत ओतला की आम्ल साचते, सामू (पीएच) ६.५ च्या खाली घसरतो आणि मिथेन बंद होतो. कुंडीला आंबूस वास येतो, गॅस येतो पण पेटत नाही. अशा वेळी चार-पाच दिवस भरणी थांबवावी, थोडी चुन्याची निवळी आणि चालू संयंत्रातला काला घालावा. मग नेहमीच्या पाव मापाने पुन्हा सुरुवात करावी. फिनेल, ब्लीचिंग पावडर किंवा साबणाचे पाणी टाकीत गेले तर दोन्ही टोळ्या मरतात. गोठा धुतल्याचे पाणी म्हणूनच वेगळ्या चारीने काढावे. जनावराला प्रतिजैविके चालू असतील तर त्याचे शेण काही दिवस टाकीत घालू नये.

हे अन्नाचे नाते उलट्या बाजूने फार उपयोगी आहे. शेण म्हणजे जनावराने एकदा पचवून उरलेला भाग, तर शिळ्या अन्नात ऊर्जा शाबूत असते. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी या मुद्द्यावरच छोटे संयंत्र घडवले. दिवसाला दोन किलो पिठूळ खाद्यावर ते चालते आणि २००६ मध्ये त्याला अॅशडेन पुरस्कार मिळाला. जनावरे नसलेल्या घरांना आणि खानावळींना हा मार्ग जवळचा आहे, फक्त भरणी रोज सारख्याच मापाची हवी.

हे सूक्ष्मजीव ३५ अंशांच्या आसपास सुखात असतात, १५ अंशांखाली सुस्तावतात. नाशिक, निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत गॅस निम्म्यावर येतो तो यामुळे, बिघाडामुळे नव्हे. भरणी सकाळऐवजी दुपारी करावी, कालवायला उन्हात तापलेले पाणी घ्यावे, घुमटावरच्या मातीवर पेंढ्याचा जाड थर पसरावा.

शेगडीच्या तक्रारी बहुधा याहून साध्या असतात. ज्योत ठेचकाळते आणि नळीत गुडगुड आवाज येतो, म्हणजे वाफेचे पाणी साचले आहे. नळीला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायचा कॉक हवा. ज्योत पिवळी असेल तर हवा कमी, भांड्याखालून उडत असेल तर हवा किंवा दाब जास्त. एलपीजीची शेगडी इथे चालत नाही. एलपीजीच्या वायूत घनमीटरमागे बायोगॅसच्या जवळपास पाचपट ऊर्जा असते, त्यामुळे त्याचे छिद्र बारीक असते. बायोगॅसची शेगडी वेगळी घ्यावी लागते.

मागे राहणारी स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावरचा काला, अनेक शेतकरी गॅसपेक्षा मोलाची मानतात, आणि ते बरोबरच आहे. रोज ५० किलो शेण टाकणाऱ्या संयंत्रातून वर्षाला अडीच टनांच्या आसपास कोरडा माल निघतो. त्यात दीड टक्का नत्र धरले तरी ३८ किलो होते, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या. युरियाही नैसर्गिक वायूपासूनच बनतो आणि तो वायू देशाला निम्मा आयात करावा लागतो. मात्र स्लरी उन्हात पसरून वाळवली की नत्र अमोनिया होऊन उडून जाते. ती पालापाचोळ्यात मुरवावी किंवा पाटाच्या पाण्याबरोबर सोडावी.

आता धोरण. १९८१-८२ पासून केंद्राच्या योजनांखाली देशात सुमारे ५० लाख घरगुती संयंत्रे बांधली गेली. अनुदान मिळाले ते बांधण्यासाठी. चालण्यासाठी जवळपास काहीच नाही. घुमट उभा राहिला, फोटो निघाला, हप्ता जमा झाला. तीन वर्षांनी कॉक गंजला तेव्हा तो बदलायला तालुक्यात माणूस नव्हता. आज सरकारचे लक्ष मोठ्या दाबाखाली भरलेल्या बायोगॅसकडे आहे. शहरांच्या गॅसमध्ये तो मिसळणे २०२५-२६ पासून बंधनकारक आहे, एक टक्क्यापासून सुरू होऊन २०२८-२९ मध्ये पाच टक्के. हे चांगलेच आहे, पण मोठ्या प्रकल्पाला शेण ट्रकने आणावे लागते आणि शेणात ८० टक्के पाणी असते. डिझेल जाळून पाणी वाहून नेण्यापेक्षा जिथे शेण पडते तिथेच गॅस जाळणे स्वस्त पडते.

म्हणून अनुदानाचा एक भाग मागे ठेवून तो पाच वर्षांत, संयंत्र चालू असल्याचे पाहून द्यावा. दीड-दोनशे संयंत्रांमागे एक प्रशिक्षित गवंडी-दुरुस्तीदार नेमावा आणि त्याचे मानधन बांधलेल्या नव्हे, जळणाऱ्या शेगड्यांवर ठरवावे. हे पर्यावरणासाठीही लागते, कारण न जाळता निसटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. तडा गेलेला घुमट उकिरड्यापेक्षा वाईट ठरू शकतो. चालू आहे की नाही हे तपासायला महागडे यंत्र लागत नाही. इंग्रजी यू आकाराची पारदर्शक नळी, त्यात रंगीत पाणी, शेजारी पट्टी. शेगडी पेटवण्याआधी पाणी हातभर चढलेले दिसले आणि स्वयंपाकानंतर उतरलेले दिसले की संयंत्र चालू आहे. अशी नळी शे-दोनशे रुपयांत बसते.