दिवाळीआधीच लाल झालेलं नाताळचं रोप

दसऱ्याच्या झेंडूचे ढीग अजून उचललेले नसतात, तोवर छत्रपती संभाजीनगरातल्या दुकानांत नाताळचा माल लागतो आणि त्यात पॉइन्सेटियाच्या लालभडक कुंड्याही असतात. थंडी पडली की हे रोप लाल होतं, असा सर्रास समज आहे. मग ऑक्टोबरच्या उकाड्यात ते लाल झालं कसं?

मुळात जे लाल दिसतं ते फूल नव्हे, ती पानं आहेत. खरी फुलं म्हणजे मधल्या बारीक पिवळसर घुंड्या. त्या धरायच्या की नाही हे रोप ठरवतं ते रात्रीच्या लांबीवरून. पानात फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं. 660 नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश पडला की ते सक्रिय रूपात जातं. 730 नॅनोमीटरच्या अतितांबड्या प्रकाशात लगेच आणि अंधारात सावकाश ते मूळ रूपात परततं. पेशींतलं जैविक घड्याळ आणि हे प्रथिन मिळून अंधाराचा हिशेब ठेवतात. सलग सुमारे 12 तासांहून मोठी रात्र रोज मिळत गेली, की पानात फुलोऱ्याचा संदेश देणारं दुसरं प्रथिन तयार होतं आणि रसवाहिन्यांतून शेंड्याला पोचतं; तिथे कळी धरते आणि तिच्याभोवतीची पानं लाल होतात. मध्यरात्री थोडा वेळ जरी दिवा लागला तरी हिशेब मोडतो.

तुरीचंही असंच. बांधालगत हायमास्टचा उंच दिवा असेल तर उजेडातल्या ओळी हिरव्यागार राहतात आणि पलीकडचं रान फुलोऱ्यात येतं.

मराठवाड्यात 21 जूनला दिवस सव्वातेरा तासांचा, 21 डिसेंबरला जेमतेम 11 तासांचा. रात्र पुरेशी मोठी होते ती सप्टेंबर सरताना. तिथून रंग भरायला 8 ते 10 आठवडे, म्हणजे रोप आपसूक नाताळालाच लाल होतं. ऑक्टोबरात विकायचं तर ऑगस्टपासून रोज 13-14 तास रोपांवर काळं कापड ओढावं लागतं.

चूक होते ती इथेच. संध्याकाळी 5 वाजता कापड ओढलं की आत ऊन कोंडतं, आणि रात्रीचं तापमान 23-24 अंशांच्या वर राहिलं की कळी धरायला उशीर होतो. म्हणून कापड संध्याकाळी 7 ला ओढून सकाळी 8-9 ला काढावं. कापडाला भोकं नकोत आणि एकही रात्र चुकवू नये. ‘फूल आणणारं टॉनिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालू नका, अंधाराचं काम त्या करू शकत नाहीत. चिकाचं झाड घरात अशुभ, यातही तथ्य नाही. चिकाने कातडीला खाज सुटू शकते, एवढंच, हात धुवावेत.

घेताना मधल्या घुंड्या नीट बघा. त्या मिटलेल्या, हिरवट-पिवळ्या असतील तर रोप ताजं. पराग सांडलेले किंवा घुंड्या गळालेल्या असतील तर त्याचा बहर सरत आलेला आहे. ऑक्टोबरात असं रोप घेतलं, तर 25 डिसेंबरपर्यंत त्याची लाल पानं गळायला लागलेली असतील.