मोटार मेकॅनिक : प्रशिक्षण व व्यवसाय (नाशिक)

मोटार मेकॅनिक म्हणजे वाहनातील बिघाड शोधून तो दुरुस्त करणारा व वाहनाची नियमित देखभाल करणारा कारागीर. नाशिकच्या गॅरेजांत त्याला ‘मिस्त्री’ किंवा ‘फिटर’ म्हणतात. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात तोच ‘टेक्निशियन’ होतो. वायरमन, डिझेल पंप व नोझल दुरुस्त करणारे आणि डेंटिंग-पेंटिंगवाले यांची कामे त्याच्या कामाला लागून असली, तरी ते वेगळे धंदे मानले जातात.

मुंबई–आग्रा महामार्ग शहरातूनच जात असल्यामुळे आणि मुंबईकडून येणाऱ्या मालमोटारींना कसारा घाट चढावा लागत असल्यामुळे क्लच प्लेट, ब्रेक व रेडिएटर यांची कामे येथे कधी आटत नाहीत. वाहन उद्योगही शहराच्या अंगवळणी पडलेला आहे. सातपूरला महिंद्राचा मोटार कारखाना व इगतपुरीला त्याच कंपनीचा इंजिन कारखाना आहे. डिझेल इंजिनांत इंधन फवारणारी नोझल व इंजेक्टर बनवणारा सातपूरचा बॉश कारखाना पूर्वी ‘मायको’ या नावाने ओळखला जाई, आणि कंपनीचे नाव २००८ मध्ये बदलले तरी त्र्यंबक रस्त्यावरचा चौक मायको सर्कलच राहिला आहे.

औपचारिक शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये मिळते. शहरातील शासकीय आयटीआय सातपूरला आहे. १९५० साली सुरू झालेल्या केंद्राच्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेत मेकॅनिक मोटार व्हेईकल हा दोन वर्षांचा, तर मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. कानस चालवणे, व्हर्नियर व मायक्रोमीटरने मोजमाप घेणे यांपासून सुरुवात होते, आणि इंजिन खोलण्याची वेळ त्यानंतर येते. उत्तीर्ण झालेल्यांना शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ खाली कारखान्यात किंवा सेवा केंद्रात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते.

दुसरी वाट थेट गॅरेजची. मुलगा हेल्पर म्हणून लागतो, सुटे भाग डिझेलमध्ये धुतो आणि उस्तादाने गाडीखालून नुसते ‘बारा-तेरा’ म्हटले की त्या मापाचा पाना त्याच्या हातात ठेवतो. महिनोन्‌महिने हेच चालते. या काळात तो वाचून नव्हे, तर कानाने शिकतो : टॅपेटचा आवाज कोणता, बेअरिंगचा कोणता, ‘मिसिंग’ (इंधन नीट न पेटणे) कोणत्या सिलिंडरला आहे. मात्र बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळण्याची जी सवय येथे लागते, ती सिलिंडर हेडला महाग पडते. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, ठरलेल्या क्रमाने व टप्प्याटप्प्याने टॉर्क रिंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळावे लागतात. तसे न केल्यास गॅस्केट, म्हणजे हेडखालचा सांधा घट्ट बंद ठेवणारा पातळ थर, पुन्हा उडते. आयटीआयच्या मुलाला हा क्रम पाठ असतो, पण गिऱ्हाईक शेजारी उभे असताना बिघाडाचा माग काढणे त्याला गॅरेजातच शिकावे लागते.

हा माग काढणे हेच या व्यवसायातील खरे कसब होय. जुन्या डिझेल इंजिनात नोझल उघडण्याचा दाब सुमारे २०० बार असे. सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून (रेल) डिझेल पुरवणाऱ्या कॉमन रेल प्रणालीत डिझेलचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो आणि त्याचे नियंत्रण संगणक करतो. गाडी चढावर ओढत नसेल, तर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातील बिघाडाचे संकेत वाचणारे यंत्र, अनेकदा ‘पी ००८७’ हा संकेत दाखवतो, म्हणजे रेलमधील दाब कमी आहे एवढेच सांगतो. दोष तुंबलेल्या फिल्टरचा, नळीत शिरलेल्या हवेचा, थकलेल्या पंपाचा की परतीच्या वाटेने डिझेल सोडून देणाऱ्या इंजेक्टरचा, हे मेकॅनिकलाच ठरवावे लागते. त्यासाठी प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला बाटली लावून ठरावीक वेळात किती डिझेल जमते ते पाहतात. जी बाटली इतरांहून फार लवकर भरते, तिचा इंजेक्टर दोषी. हे न करता संकेत दिसताच महागडा पंप बदलणाऱ्यास मेकॅनिक म्हणणे कठीण आहे. नवा इंजेक्टर बसवल्यावर त्यावरील सांकेतिक क्रमांकही बहुतेक गाड्यांत संगणकात भरावा लागतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही वाहनांच्या प्रदूषणाची मानके लागू झाल्यावर धुरातील काजळी अडवणारा फिल्टर हे नवे दुखणे आले. ही काजळी जळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. गाडी केवळ शहरातच थोडीथोडी फिरली तर ते गाठले जात नाही आणि फिल्टर तुंबतो. अशा वेळी पाना उचलण्याआधी गाडी कशी चालवली जाते याची चौकशी करावी लागते.

कामाचे हंगाम जिल्ह्याच्या शेतीवर ठरतात. ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत फवारण्यांची घाई असते, आणि पावसाळी हवेत ब्लोअर (फवारणी यंत्र) ओढणारा छोटा ट्रॅक्टर एक दिवस बंद राहिला तरी डावणी हा बुरशीजन्य रोग बागेला धरतो; म्हणून मेकॅनिक पाने घेऊन दुचाकीवरून थेट बांधावर जातो. कांद्याच्या पिकअप लासलगाव-पिंपळगावच्या बाजारांसाठी धावतात, त्यांची कामे बहुधा रात्री उरकली जातात. ‘पासिंग’चे काम मात्र वर्षभर असते : व्यावसायिक वाहनांना योग्यता प्रमाणपत्र ठरावीक काळाने नव्याने घ्यावे लागत असल्याने मालक आधी ब्रेक, दिवे व स्टिअरिंग पाहून घेतो. खंडेनवमीला पाने, जॅक व आता स्कॅनरही पुजले जातात.

विजेवरील वाहनांत नारिंगी रंगाच्या केबलींमधून उच्च दाबाची वीज वाहते. त्यांना हात लावण्यापूर्वी बॅटरीची जोडणी तोडणे, ठरलेला वेळ थांबणे, रोधक हातमोजे घालणे व दाब शून्यावर आल्याचे मीटरने तपासणे आवश्यक असते. विद्युत वाहन मेकॅनिक हा आयटीआयचा स्वतंत्र अभ्यासक्रम आता उपलब्ध आहे.