दवाखान्याची स्वच्छता व मांडणी (ग्रामीण विदर्भ)

दवाखाना, उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र जंतुसंसर्गापासून सुरक्षित राखणे आणि तेथील अवजारे, औषधे, कागदपत्रे व कचरा यांना ठरावीक जागा देऊन ती रोज पाळणे, या दोन्ही कामांचा या नोंदीत एकत्र विचार केला आहे. ही कामे वेगवेगळी मानण्याची सवय असली, तरी व्यवहारात ती एकमेकांना धरून असतात. ज्या टेबलावर सुयांची पाकिटे, कापसाचे बोळे, केस पेपर आणि चहाचा कप एकत्र पडलेले असतात ते टेबल सहसा पुसलेच जात नाही, कारण पुसण्यापूर्वी ते आवरावे लागते आणि आवरायला कोणती वस्तू कोठे ठेवायची हे आधी ठरलेले असावे लागते.

विदर्भात या कामाला जमीन आणि हवामान यांचे वळण आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उघड्या दारातून धूळ आत येते; पावसाळ्यात काळ्या मातीचा चिकट चिखल चपलांबरोबर थेट तपासणीच्या टेबलापर्यंत पोहोचतो. अशा वेळी सकाळी कोरडा फडा मारणे ही सर्वांत मोठी आणि सर्वांत प्रचलित चूक होय. फड्याने उडालेली धूळ तासाभरात ड्रेसिंगच्या ट्रेवर आणि उघड्या कापसावर बसते. केर ओलसर कापडाने ओढून घ्यावा आणि मग तीन बादल्यांनी फरशी पुसावी: एकीत साबणाचे पाणी, दुसरीत पोछा खळबळण्याचे साधे पाणी व तिसरीत जंतुनाशक द्रावण. ड्रेसिंगच्या खोलीपासून सुरुवात करून व्हरांडा आणि शेवटी संडास असा क्रम ठेवावा. पोछा बादलीत भिजत न ठेवता उन्हात वाळवावा. पायरीजवळ चिखल खरवडण्यासाठी लोखंडी पट्ट्यांची जाळी बसवली, तर निम्मे काम दारातच होते. गावातील माणसे उंबऱ्याबाहेर चपला आपण होऊन काढतात. ही रीत चांगली असली, तरी सुई टोचण्याच्या खोलीत अनवाणी पायाखाली पडलेली सुई येऊ शकते, म्हणून तेथे धुता येणाऱ्या रबरी चपलांचे दोन-तीन जोड ठेवणे आवश्यक आहे.

हात धुण्याचे महत्त्व व्हिएन्ना येथे इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली दाखवून दिले. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केल्यावर त्यांच्या प्रसूतिकक्षातील बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. साबणपाण्याने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद आणि अल्कोहोलयुक्त द्रावण हातावर चोळण्यास २० ते ३० सेकंद पुरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. प्रत्येक रुग्णापूर्वी व नंतर हे व्हायचे, तर पाणी तपासणीच्या टेबलापासून चार पावलांच्या आत हवे. नळयोजनेचे पाणी दिवसाआड येणाऱ्या गावात तोटी लावलेली टाकी उंच स्टँडवर बसवून खाली बादली ठेवली तरी काम भागते. चकचकीत टाइल्सपेक्षा ही तोटी रुग्णाच्या अधिक उपयोगाची आहे.

अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण येते. भूजल खारे असल्याने ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालील वाफेने अवजारे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) तापणाऱ्या कॉइलवर क्षारांचा पांढरा थर चढतो आणि चिमटे-कात्र्यांवर गंजाचे ठिपके पडतात. त्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये क्षारविरहित पाणीच वापरावे. अवजारे प्रथम घासून धुवावीत, कारण वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोहोचत नाही. नंतर कापडात बांधलेली अवजारे १२१ अंश सेल्सिअस तापमान व १५ पौंड दाबाखाली ३० मिनिटे ठेवावीत आणि गाठोड्यावर तारीख घालावी. पातेल्यात २० मिनिटे उकळणे हा अजूनही आढळणारा प्रकार पुरेसा नाही, कारण काही जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात.

जंतुनाशक म्हणून सोडियम हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडर वापरली जाते. सुमारे ३० टक्के क्लोरीन असलेल्या पावडरचे ३० ग्रॅम एक लिटर पाण्यात मिसळल्यास साधारण एक टक्क्याचे द्रावण होते. ते रोज ताजे करावे लागते. पावडरही टिनाच्या छताखाली मे महिनाभर पडून राहिली तर बरीचशी निकामी होते, त्यामुळे तिचा डबा घट्ट झाकणाचा व सावलीत असावा. संडासाच्या ॲसिडमध्ये हे द्रावण कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. फरशीवर रक्त सांडल्यास हातमोजे घालून त्यावर जुने कापड टाकावे, कापडावर द्रावण ओतावे, दहा मिनिटे थांबावे आणि मग ते उचलून पिवळ्या पिशवीत टाकावे. घाईत या दहा मिनिटांनाच फाटा मिळतो.

जैववैद्यकीय कचऱ्यासाठी २०१६ चे केंद्रीय नियम लागू असून खाटा नसलेला एका डॉक्टरचा दवाखानाही त्यांतून सुटत नाही. त्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून प्राधिकारपत्र घ्यावे लागते. रक्ताळलेला कापूस व पट्ट्या पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या व सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत, सुया व पाती पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात आणि काचेच्या कुप्या निळ्या डब्यात जातात. हा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त काळ साठवू नये असा नियम आहे. मेळघाट किंवा भामरागडसारख्या दुर्गम भागात सामाईक प्रक्रिया केंद्राची गाडी पोहोचत नसेल, तेथे परवानगीने सुमारे दोन मीटर खोल खड्ड्यात पिवळ्या वर्गातील कचरा पुरता येतो व प्रत्येक वेळी त्यावर मातीचा थर द्यावा लागतो. गावच्या उकिरड्यावर हा कचरा टाकणे अक्षम्य आहे. तेथे गुरे चरतात, मुले सिरिंज पिचकारी म्हणून उचलतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलाच्या हाताला कुठे टोचले हे कोणाला सांगता येत नाही.

कापूस व सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत दवाखान्याची मांडणी बदलावी लागते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. असा रुग्ण आला की त्याचे औषधाने भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुणे हा उपचाराचाच भाग असतो, कारण विष कातडीतून शरीरात जात राहते. त्यासाठी बाहेर उतार असलेला कोपरा, पाण्याचे पिंप, जाड हातमोजे, स्वच्छ लुंगी किंवा चादर आणि कपडे बांधून ठेवण्यासाठी जाड पिशवी तयार हवी. अशा विषबाधेत द्याव्या लागणाऱ्या ॲट्रोपीन या औषधाच्या कुप्या जुलैपासूनच आपत्कालीन ट्रेमध्ये वाढवून ठेवाव्यात.

उन्हाळ्यातील कूलर हेही दुर्लक्षिलेले ठिकाण होय. त्याच्या टाकीत डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो व आठ-दहा दिवसांत पूर्ण वाढलेला डास बाहेर पडतो. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, आतल्या कडा घासून, कोरडी ठेवली पाहिजे. कूलरचा झोत ड्रेसिंगच्या टेबलावर येऊ देऊ नये.

औषधांच्या कपाटात मुदत आधी संपणारे औषध पुढे ठेवावे. लसी २ ते ८ अंशांत राहाव्या लागतात. लसींच्या फ्रिजमध्ये पाण्याची बाटली किंवा डबा ठेवू नये आणि तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहावे, कारण रात्री वीज गेल्याचे त्या वहीतूनच कळते. केस पेपर आडनावाच्या क्रमाने लावणे गावाकडे फसते, एका गावात एकाच आडनावाची वीस घरे असतात. आधी गाव, मग घरातील कर्त्या माणसाचे नाव आणि त्याखाली सारे कुटुंब, अशी रचना सोयीची ठरते. गडचिरोलीसह विदर्भातील अनेक जिल्ह्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळत असल्याने त्याची नोंद कागदाच्या माथ्यावरच असावी.

शासकीय केंद्रांसाठी २०१५ पासून ‘कायाकल्प’ योजनेखाली स्वच्छतेचे गुणांकन होते. इमारत साधी असणे मात्र आड येत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात सुरुवातीची अनेक वर्षे वीज नसताना रुग्णसेवा चालली, आणि गडचिरोलीजवळच्या शोधग्रामात रुग्णालय मुद्दाम आदिवासी घरांच्या धर्तीवर बांधले गेले.

हे सारे काम अखेर ज्या सफाई कामगार मावशींच्या हातून होते त्यांना जाड हातमोजे, बंद बूट आणि हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस मिळणे हा त्यांचा हक्क आहे. २०१६ चे नियमही कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाची जबाबदारी दवाखान्यावर टाकतात. सुई टोचल्यास जागा न पिळता वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, म्हणून ते कोणत्या रुग्णालयात मिळते व तेथवर कसे जायचे हे ड्रेसिंगच्या खोलीतील भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे.