चालणाऱ्याच्या पावलाला जुळणारा गिअर

जुनं इंजिन दोन-तीन ओढींत सुरू झालं की दुरुस्ती करणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. कार्ब्युरेटर साफ झालाय, मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय वीज बनवणारा भाग, ठिणगी देतोय, धूर निळा येत नाही, आता यंत्र जमिनीत घालायचं. आणि क्लच लावला की कळतं, हा चालत चालवायचा ट्रॅक्टर एकतर मुठी धरलेल्या माणसाला फरफटत नेतो, नाहीतर गोगलगाईच्या चालीने सरकतो. अशा वेळी इंजिनाकडे संशयाने बघितलं जातं, पण बऱ्याचदा त्याचा काही दोष नसतो. आधीच्या कुठल्यातरी मालकाने आतले गिअर बदललेले असतात, चेनची चक्री बदललेली असते, किंवा नुसती मोठी चाकं चढवलेली असतात.

दोन चाकं, त्यांच्यावर इंजिन, मागे लांब मुठी आणि मुठींमागे माणूस, अशी या यंत्रांची रचना. आजच्या पॉवर टिलरला पाच-सहा गिअर असतात. जुन्या यंत्रांपैकी कित्येकांना पुढे जायला एकच गती असायची, फार तर दोन. त्यामुळे कारखान्यात बसवलेलं गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे, हाच काय तो निर्णय, आणि तो यंत्राबरोबर जन्मभर राहायचा. तो चुकला असेल किंवा मधल्या काळात कुणी बिघडवला असेल, तर गिअरचा दांडा ओढून सुटका नाही.

गणित सोपं आहे. समजा इंजिन मिनिटाला २४०० फेरे करतं आणि चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर आहे. चाकाचा परीघ झाला सुमारे १.८८ मीटर. मऊ जमिनीत अवजार सांभाळत चालणाऱ्या माणसाला सेकंदाला एक मीटर, म्हणजे तासाला ३.६ किलोमीटर, ही चाल भरपूर झाली. त्यासाठी चाकाने मिनिटाला साधारण ३२ फेरे करायला हवेत. २४०० भागिले ३२, म्हणजे इंजिनाचे ७५ फेरे झाले की चाकाचा एक. एवढी मोठी घट एका जोडीत सहसा करत नाहीत. म्हणून आधी वर्म गिअर (मळसूत्रासारख्या दांड्याने फिरणारं चाक) किंवा पट्टा, मग चेन किंवा साधे गिअर, असे टप्पे पाडतात आणि टप्प्यांचा गुणाकार करून ७५ गाठतात.

‘गिअर जितका हळू, तितकी ओढ जास्त’ हे वाक्य जुनी यंत्रं दुरुस्त करण्याच्या या छंदात सगळीकडे ऐकू येतं. कागदावर ते खरंही आहे. ५ अश्वशक्तीचं इंजिन, म्हणजे सुमारे ३७०० वॅट. सेकंदाला एक मीटर वेगाने जाताना, वाटेतल्या गिअरांनी पाव हिस्सा खाल्ला तरी, चाकाच्या कडेला २८० किलो वजनाइतकी ओढ मिळायला हवी. पण यंत्राचं स्वतःचं वजन असतं समजा १८० किलो. बऱ्यापैकी घट्ट, कोरड्या जमिनीत खोल खाचांचे टायर आपल्यावरच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास ओढ पकडतात. म्हणजे ९० किलो. त्यापुढे चाक जागच्या जागी फिरतं आणि स्वतःसाठी खड्डा खणतं. भुसभुशीत किंवा ओल्या मातीत तर तेवढंही मिळत नाही.

म्हणजे इंजिन २८० द्यायला तयार आहे आणि जमीन ९० च घेतेय. गिअर आणखी हळू करून तो आकडा ५०० वर नेला तरी जमीन ९० च घेणार. नांगर अडतोय म्हणून हळू गिअर शोधत फिरणाऱ्याला खरं तर चाकांवर वजन हवं असतं, टायरमध्ये पाणी भरायला हवं असतं, लोखंडी पात्यांची चाकं हवी असतात, किंवा चार दिवस थांबून वाफसा येऊ द्यायला हवा असतो. माझं स्पष्ट मत आहे की या यंत्रांमधली निम्मी गिअरबदली वजनाच्या दोन चकत्यांनी वाचली असती.

मग उरलेली शक्ती जाते कुठे? चढावर थोडी लागते, इंजिनाचा वेग स्थिर ठेवणाऱ्या गव्हर्नरच्या हातात थोडी शिल्लक असते, पण मोठा वाटा अवजाराकडे जातो. चाकाच्या पकडीवर अवलंबून न राहता शक्ती थेट फिरणाऱ्या पात्यांना द्यावी, ही कल्पना इथूनच महत्त्वाची ठरते. ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने १९१२ मध्ये वडिलांच्या वाफेच्या ट्रॅक्टरवरून शक्ती घेऊन माती खणणाऱ्या फिरत्या पात्यांचे प्रयोग केले. पहिल्या पात्यांनी माती बाजूला उडवून दिली, तेव्हा त्याने पाती एल आकाराची केली. पुढे जगभर पसरलेल्या रोटाव्हेटरची पाती अजून त्याच घराण्यातली आहेत.

फिरत्या अवजाराबरोबर गिअरच्या निवडीचा अर्थच बदलतो. आता प्रश्न ओढीचा नाही, घासाचा. प्रत्येक पातं जमिनीत शिरताना किती मातीचा तुकडा कापतं, तो त्याचा घास. समजा पात्यांचा दांडा मिनिटाला २०० फेरे करतोय आणि जमिनीच्या एका पट्ट्यात आळीपाळीने दोन पाती कापतायत. मिनिटाला ४०० घाव झाले. यंत्र सेकंदाला अर्धा मीटर गेलं तर मिनिटाला ३० मीटर. भागाकार केला की घास येतो साडेसात सेंटिमीटरचा. माती बरी फुटते. तेच यंत्र सेकंदाला एक मीटर वेगाने नेलं, तर घास १५ सेंटिमीटर होतो, मागे ढेकळं पडतात आणि मुठी हाताला हिसके देतात. फार हळू नेलं तर मातीचं पीठ होतं. ते दिसायला छान असतं, पण पहिल्या जोरदार पावसात वर पापडी धरते.

इथे जुन्या यंत्रांचे दोन पंथ पडतात आणि आपलं यंत्र कुठल्या पंथाचं आहे हे आधी बघायला हवं. एका पंथात अवजाराला शक्ती देणारा दांडा, म्हणजे पीटीओ, थेट इंजिनाशी जोडलेला असतो. चाकाचा गिअर बदलला तरी पाती त्याच वेगाने फिरतात, म्हणजे हळू गिअर घातला की घास लहान होतो. बेंजामिन ग्रेव्हली या अमेरिकी छायाचित्रकाराने वेस्ट व्हर्जिनियातल्या डनबारमध्ये मोटारीचा नांगर बनवून १९१६ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. त्याच्या नावाची पुढची दोनचाकी यंत्रं या पंथातली. दुसऱ्या पंथात पीटीओ गिअरबॉक्सनंतर निघतो. गिअर बदलला की चाक आणि पाती दोन्ही एकाच प्रमाणात बदलतात आणि घास होता तेवढाच राहतो. या दुसऱ्या प्रकारात माती बारीक व्हावी म्हणून हळू गिअर शोधणं म्हणजे नुसता वेळ घालवणं.

आपल्या यंत्राचं गुणोत्तर किती, हे कळायला पुस्तिका लागत नाही. पेट्रोलची तोटी बंद करा, स्पार्क प्लग काढून बाजूला ठेवा, चाकं जमिनीपासून उचलून धुऱ्याखाली ठोकळे लावा. गिअर टाका, क्लच लावा. चाकावर खडूची एक रेघ, फ्लायव्हीलवर दुसरी. आता फ्लायव्हील हाताने फिरवत मोजा. चाकाचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत फ्लायव्हील किती वेळा फिरलं, तेच गुणोत्तर. एक फसगत मात्र ठरलेली. यंत्राला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, असेल आणि एक चाक अडकलेलं असेल, तर दुसरं दुप्पट फिरतं आणि ७५ च्या जागी साडेसदतीस येतात. दोन्ही चाकं सारखी फिरतायत ना, हे कुणाला तरी बघत राहायला सांगा. मोजताना चाक मागेपुढे किती मोकळं हलतं तेही लक्षात येतं. फार हलत असेल तर आतले दाते झिजलेत, आणि गुणोत्तराआधी तो विषय हाती घ्यायला हवा.

आता बदलायचंच ठरलं तर सगळ्यात सोपी जागा म्हणजे चाक. ५५ सेंटिमीटरच्या जागी ६५ सेंटिमीटरचं चाक घातलं की वेग १८ टक्क्यांनी वाढतो आणि कडेची ओढ १५ टक्क्यांनी घटते, एकही गिअर न उघडता. मोठं चाक यंत्राला उंचही करतं, तेव्हा नांगराची खोली नव्याने लावावी लागते.

चेन असेल तर चक्री बदलता येते, पण लहान चक्रीचा मोह आवरावा. चक्री वर्तुळ नसते, बहुकोन असते. दहा दात्यांच्या चक्रीवर चेनचा वेग प्रत्येक दात्याला सुमारे ५ टक्के कमीजास्त होतो, सतरा दात्यांच्या चक्रीवर दोन टक्क्यांपेक्षा कमी. ती थरथर चेन खाते आणि बेअरिंगही. पुढची चक्री लहान करण्यापेक्षा मागची मोठी बसत असेल तर ती घ्यावी.

वर्म गिअर हे मात्र सगळ्यात नाजूक दुखणं. मळसूत्रासारखा पोलादी दांडा आणि त्याने फिरणारं ब्राँझचं चाक. चाकाला ३० दाते आणि दांड्यावर दोन सूत्रं असतील तर गुणोत्तर १५. तीन सूत्रांचा दांडा असेल तर १०, म्हणजे यंत्र दीडपट वेगवान. पण नुसता दांडा बदलून चालत नाही, कारण सूत्राचा उतार बदलला की जुन्या चाकाचे दाते त्याला नीट बसत नाहीत. जोडीच बदलावी लागते. आणि तेल बघून भरावं. जास्त दाबासाठी बनवलेल्या काही गिअर तेलांतली गंधकाची संयुगं ब्राँझला पोखरतात. सगळ्यात महागडं तेल भरून गिअर खराब करणारे भेटतात ते याच कारणाने.

एक बदल असा आहे की तो गिअरचा म्हणून कुणी मोजतच नाही. जुनं इंजिन मेलं म्हणून त्या जागी मिनिटाला ३६०० फेऱ्यांचं नवं बसवतात. मूळ इंजिन २४०० चं असेल तर यंत्र दीडपट पळतं. तासाला ३.६ किलोमीटर चालणारा माणूस एकदम ५.४ ने, तोही मऊ मातीत, पळायला लागतो. पीटीओ इंजिनाशी थेट जोडलेला असेल तर गवत कापणारं पातंही दीडपट फिरतं, आणि त्यावरचा केंद्रोत्सारी ताण वेगाच्या वर्गाने, म्हणजे सव्वादोनपट वाढतो. पन्नास-साठ वर्षं जुन्या पात्याकडून ही अपेक्षा करू नये. नव्या इंजिनाचा गव्हर्नर खाली आणा, नाहीतर मधल्या पट्ट्याच्या चाकांचे व्यास बदलून दीडपट घट घाला.

हळू गिअरचा धोका वेगळा आहे. चाक पुढे फिरवताना यंत्राचं धड उलट दिशेला वळायला बघतं, म्हणजे नाक वर आणि मुठी खाली. चाक घसरत असेल तोवर हा झटका मर्यादित राहतो. वरच्याच यंत्रात, मुठी धुऱ्यापासून सव्वा मीटरवर असतील तर, तो मुठींपाशी वीसेक किलोचा. पण चाक दगडात किंवा चरात पक्कं अडकलं आणि क्लच तसाच राहिला, तर इंजिनाचा पूर्ण जोर मुठींवर येतो आणि आकडा ६५ किलोच्या पुढे जातो. गिअर आणखी हळू केला की तोही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून अशा यंत्रात मी क्लचच्या मुठीवरून हात काढत नाही, आणि रिव्हर्स तर हळूच असावा या मताचा आहे. मागे जाणारं यंत्र आणि भिंत यांच्या मधोमध आपणच असतो.

सगळं जुळवल्यावर चाचणीसाठी फक्त खडू, टेप आणि घड्याळ लागतं. अवजार न लावता चाकाचे दहा फेरे मोजा आणि अंतर मापा, ६० सेंटिमीटरच्या चाकाला सुमारे १८.८ मीटर येईल. मग नांगर लावून पुन्हा दहा फेरे. १६ मीटर भरले तर घसरण १५ टक्के, काम चालवून घेण्याजोगी. १४ च भरले तर पाना खाली ठेवा आणि चाकांवर चढवायला वजन शोधा.