मोजमापात कुटुंब कसं आलं: अमेरिकेतल्या अर्ली इंटरव्हेन्शनची पार्श्वभूमी

अमेरिकेत तीन वर्षांखालच्या, विकासात मागे पडलेल्या मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेपाची (अर्ली इंटरव्हेन्शन, म्हणजे लहान वयातच सुरू होणाऱ्या मदतीची) सोय १९८६च्या कायद्याने उभी राहिली. शाळेत जाणाऱ्या, विशेष शिक्षणाची गरज असलेल्या मुलांची शैक्षणिक योजना मुलाच्या नावाने होते. इथे मात्र कायद्याने 'कुटुंब सेवा योजना' करायला सांगितली, म्हणजे कुटुंब पहिल्या दिवसापासून कागदावर होतं. मोजमापात ते यायला आणखी वीस वर्षं गेली, आणि आलं तेही भलत्याच प्रश्नामुळे.

प्रश्न अंदाजपत्रकाचा होता. सरकारी योजनांनी निकाल दाखवावेत, असा कायदा १९९३मध्ये झाला. २००२ पासून व्हाइट हाऊसचं अंदाजपत्रक कार्यालय योजनांना शेरे देऊ लागलं आणि शीघ्र हस्तक्षेपाच्या योजनेवर 'निकाल सिद्ध झालेले नाहीत' असा शेरा बसला. किती मुलांना सेवा दिली हे राज्यांना सांगता येत होतं. मूल पुढे सरकलं का, हे सांगता येत नव्हतं. २००३मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याच्या निधीतून ईसीओ (अर्ली चाइल्डहूड आउटकम्स) सेंटर सुरू झालं आणि सल्लामसलतीतून मुलांसाठी तीन निष्पत्ती, म्हणजे सेवेतून साधायचे परिणाम, ठरल्या: भावनिक-सामाजिक कौशल्यं, ज्ञान मिळवणं आणि वापरणं, आणि स्वतःच्या गरजा भागवण्यासाठी योग्य वागणं. कुटुंबासाठी वेगळ्या तीन: हक्क माहीत असणं, मुलाच्या गरजा नीट मांडता येणं, मुलाला शिकायला मदत करता येणं.

कुटुंबाच्या निष्पत्तींसाठी पालकांकडून प्रश्नावली भरून घेतात, ते तुलनेने सरळ काम. मुलांच्या बाबतीत अडचण अशी की प्रत्येक राज्याची चाचणी वेगळी. म्हणून सगळी माहिती एकत्र आणून १ ते ७ अंक देणारा तक्ता निघाला. ६ आणि ७ म्हणजे वयाला साजेसं. त्याखाली मूल त्या पातळीपासून जितकं लांब, तितका अंक कमी. सेवा सुरू होताना एक अंक आणि संपताना दुसरा. सेवा किमान सहा महिने मिळालेली असेल तरच ते मूल हिशेबात येतं.

हा अंक चाचणीच्या टक्क्यांवरून निघत नाही. रोजच्या व्यवहारात मूल काय करतं, यावर तो ठरतो, आणि ते घरच्यांइतकं कुणी पाहत नाही. 'चमचा धरतो का?' याला हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळतं. 'जेवायला बसल्यावर काय काय होतं?' असं विचारलं की भूक लागल्याचं मूल कसं सांगतं, नको असेल तर काय करतं, हे सगळं बाहेर येतं. न्यू जर्सीतल्या मराठी घराचं उदाहरण घ्या. इंग्रजी बोलणाऱ्या थेरपिस्टसमोर मूल गप्प बसतं, पण आजीला 'पाणी', 'नको' म्हणतं, तिचा हात धरून फ्रिजपाशी नेतं. आजीला कुणी विचारलंच नाही, तर सुरुवातीचा अंक खोटा कमी पडतो. मग शेवटी दिसणारी झेपही तितकीच खोटी, फक्त ती आकडेवारीत छान दिसते म्हणून कुणी तक्रार करत नाही.

तरीही अनेक ठिकाणी अंक पालकांच्या माघारी पडत राहिला. मुलाचं नाव सेवेकडे आल्यापासून ४५ दिवसांत तपासणी, मूल्यमापन आणि योजनेची बैठक उरकायची असते, त्यामुळे तक्ता घरभेट संपल्यावर भरला जाई. दुसरं कारण संकोचाचं: '७ पैकी २' ऐकून आई खचेल, अशी भीती. यावर काही राज्यांनी तक्ता योजनेच्या बैठकीतच गुंफला. आधी वयाला साजेशी कौशल्यं कोणती, त्यांच्या आधी येणारी, पायाभरणीची कोणती हे घरच्यांसमोर मांडायचं, मग शब्दांतलं वर्णन एकमताने ठरवायचं. अंक त्या वर्णनातून निघतो. वर्णनावर चर्चा होते. नुसता अंक पुढे केला की लोक तो परीक्षेच्या गुणांसारखा ऐकतात.

सगळ्यात जास्त गोंधळ शेवटच्या अंकावर होतो. चौदा महिन्यांचं मूल ४ अंकावर सेवेत आलं आणि चौतीस महिन्यांचं होऊन ४वरच बाहेर पडलं, तर आई म्हणते, 'मधल्या काळात तो चालायला लागला, बोलायला लागला, मग हे तसंच कसं?' बरोबरीची मुलंही वीस महिने पुढे गेलेली असतात. ४वर टिकायलाच भरपूर शिकावं लागतं. पण सरकारी हिशेबात असं मूल 'सुधारलं, पण समवयस्कांच्या जवळ सरकलं नाही' या गटात जातं. वाढीचा वेग ठळकपणे वाढलेल्यांची टक्केवारी काढताना ते छेदात मोजलं जातं, अंशात नाही. हे गणित सेवा सुरू होतानाच घरच्यांना सांगावं लागतं, नाहीतर शेवटच्या बैठकीत अर्धा तास त्यातच जातो.